चालत्या सर्व्हरला विचारलेला प्रश्न

२००८ सालच्या अखेरच्या दिवशी यूट्यूबवर एक छोटा व्हिडिओ आला. सन मायक्रोसिस्टीम्समधला ब्रेंडन ग्रेग हा अभियंता सर्व्हरच्या खोलीत डिस्कांनी भरलेल्या कपाटासमोर जिवाच्या आकांताने ओरडतो आणि पडद्यावरच्या आलेखात त्याच क्षणाला ठिपके वर उडालेले दिसतात. आवाजाने डिस्क थरथरते, तिचं हेड आपल्या वाटेवरून किंचित हलतं आणि काम लांबतं. लोक खूप हसले. मला मात्र ओरडण्यापेक्षा तो आलेख मोठा वाटतो. चालू सर्व्हरच्या पोटात या घटकेला काय घडतंय, हे कुणाला तरी दिसत होतं. तिथवर पोचायला फार वर्षं लागली होती.

सुरुवातीला हाताशी होता एक आकडा. टेनेक्स या प्रणालीत ‘लोड ॲव्हरेज’ मोजत आणि १९७३च्या इंटरनेट-पूर्व दस्तऐवजांत त्याचे आलेखही सापडतात. हा आकडा म्हणजे रेशनच्या दुकानासमोरची रांग. किती माणसं उभी आहेत ते कळतं, पण दुकानदार मंद आहे, तराजू बिघडलाय की आत साखरच नाही, हे रांगेवरून कळत नाही. त्यात १९९३मध्ये लिनक्समध्ये एक छोटा बदल झाला. फक्त प्रोसेसरसाठी थांबलेली कामंच नव्हे, तर डिस्कसाठी अडकलेली कामंही या आकड्यात धरली जाऊ लागली. हे का केलं, ते कालांतराने बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. २०१७मध्ये ग्रेगनेच जुनी पत्रं उकरून त्या बदलाचा छडा लावला. रोज डोळ्यांसमोर असलेल्या आकड्याचा अर्थ शोधायला असं दप्तर चाळावं लागलं!

मग १९८२मध्ये बर्कलीत जीप्रॉफ आलं. प्रोग्रामचा वेळ कुठल्या भागात जातो आणि तो भाग कोण बोलावतं, हे ते सांगायचं. साधन उत्तमच, पण त्यासाठी प्रोग्राम वेगळ्या पद्धतीने पुन्हा कंपाइल करावा लागे. स्वतःच्या टेबलावर हे चालतं. ग्राहकाकडे, ऐन गर्दीच्या वेळी, हजारो लोक ताटकळत असताना कोण चालता सर्व्हर उतरवून पुन्हा बांधणार? आणि खरा घोटाळा तर नेमका तिथेच होतो.

असा एक घोटाळा १९९७मध्ये सनच्या घरातच झाला. त्यांचं ६४ प्रोसेसरांचं नवं यंत्र वेगाच्या चाचणीत विक्रमाच्या वाटेवर होतं, पण मधूनच काही मिनिटं कोलमडायचं. चाचणीचं काम ठप्प, कर्नल मात्र भलत्याच कामात गढलेलं. अभियंते अनेक दिवस झटले. शेवटी निघालं काय, तर चुकीच्या सेटिंगमुळे हे लाखमोलाचं यंत्र अधूनमधून राउटर बनून इतरांची पाकिटं वाहत होतं. दोष क्षुल्लक होता, पण तो पाहायला साधन नव्हतं. ब्रायन कँट्रिलने हा किस्सा पुढे स्वतः लिहिला आहे. त्याने माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथॉल यांच्यासोबत जे साधन घडवलं, ते डीट्रेस. २००५च्या सोलारिस १०मधून ते सर्वांच्या हाती आलं.

डीट्रेसमध्ये प्रश्न विचारायच्या ३०,०००हून अधिक जागा होत्या. कुणी विचारत नसेल तेव्हा त्यांचा खर्च शून्य. विचारलं की कर्नलच्या चालू सूचनांमध्येच बदल करून तिथे टेहळणी बसायची आणि काम झालं की उठायची. त्याच्या भाषेत लूप मुद्दामच ठेवला नव्हता. टेहळणी करणाऱ्यानेच घर पाडू नये, एवढी ही काळजी. मला या सगळ्यात हीच बाब सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण चालत्या बँकेच्या सर्व्हरवर एखादं साधन लावू द्यायचं तर आधी त्याच्याविषयी विश्वास हवा.

ॲपलने २००७मध्ये डीट्रेस मॅकमध्ये घेतलं, पुढे फ्रीबीएसडीनेही घेतलं. लिनक्सला मात्र ते सरळ घेता आलं नाही. सनने कोड खुला केला होता, पण ज्या सीडीडीएल परवान्याखाली केला, तो लिनक्सच्या जीपीएलशी जुळत नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं गेलं. जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सकडे वळत असताना सर्वांत चांगली दुर्बीण शेजारच्या घरात कुलपात राहिली. २०१०च्या जानेवारीत ऑरेकलने सनच विकत घेतली. पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत रात्रपाळी केलेल्यांना ती वर्षं आठवत असतील. सर्व्हर रखडला की टॉप बघायचं, लॉग चाळायचे, अंदाज बांधायचा आणि शेवटी रीस्टार्ट! रीस्टार्ट झाला की पुरावाही गेला.

लिनक्सने आपली वाट वेगळी काढली. २००९मध्ये पर्फ आलं. २०११च्या शेवटी ग्रेगने फ्लेम ग्राफ काढला. नमुन्यांचे हजारो कागद भरतील असा मजकूर एका चित्रात बसला आणि जी पट्टी रुंद, तिथे वेळ जास्त, हे नवख्यालाही कळू लागलं. मुख्य वळण २०१४चं. १९९२मध्ये नेटवर्कची पाकिटं गाळायला लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत बीपीएफ बनलं होतं. अलेक्सेई स्टारोव्होइटोव्ह यांनी त्याचा विस्तार केला, तो ईबीपीएफ. आता छोटे प्रोग्राम कर्नलमध्ये सुरक्षितपणे चालवता येऊ लागले. चालवण्याआधी एक तपासनीस ते वाचतो आणि सुरुवातीला लूप दिसला की सरळ नाकारायचा. काळजी तीच, घर वेगळं.

ऑरेकलने डीट्रेसचा कर्नलमधला भाग जीपीएलखाली आणला, ही बातमी २०१८मध्ये आली. त्याच वर्षी लिनक्सवर बीपीएफट्रेस आलं. त्याची भाषा डीट्रेसच्या भाषेच्या इतकी जवळची आहे, की जुना सोलारिसवाला फारसं न अडखळता त्यात प्रश्न लिहितो.