चिलटाच्या डोळ्यातलं घड्याळ

विज्ञानाच्या इतिहासावरच्या व्याख्यानात चिलट कुठून आलं, असं काही जणांना वाटलं असेल. पिकलेल्या केळाभोवती, सडक्या संत्र्याभोवती जी बारीक लालसर डोळ्यांची चिलटं घोंगावतात, त्यांच्यातली एक जात म्हणजे ड्रोसोफिला. प्रयोगशाळेत तिला फळमाशी म्हणतात. या माशीच्या निमित्ताने माणसाला एक गोष्ट कळली, आणि तीही फार उशिरा. डोळा शरीरातल्या घड्याळाला वेळ सांगतो, हे आपण लवकर मान्य केलं. पण तेच घड्याळ उलट डोळ्याला सांगतं की आता कसं पाहायचं, हे मान्य व्हायला कित्येक दशकं गेली. आज त्या उशिराचा इतिहास पाहू.

आधी घड्याळाबद्दल. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. अकोला साधारण ७७ अंशांवर. म्हणजे अकोल्याचा सूर्य भिंतीवरच्या घड्याळाच्या सरासरी २२ मिनिटं मागे चालतो, अमरावतीचा १९ मिनिटं. माशीला प्रमाणवेळ ठाऊक नाही. तिचं घड्याळ आतलं आहे, आणि ते रोज सूर्यावर लावून घेतलं जातं. ही माशी झुंजूमुंजू होताना आणि दिवस मावळताना सगळ्यात जास्त फिरते, भर दुपारी गप्प बसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आपणही तेच करतो म्हणा!

असं आतलं घड्याळ असतं याची पहिली खूण १७२९ सालची. फ्रान्समध्ये दे मेरां नावाच्या गृहस्थाने लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. डोळ्याची पाळी आली १८९४ मध्ये. कीसेल नावाच्या संशोधकाने एका निशाचर पतंगाच्या डोळ्यांचा अभ्यास केला. हा पतंग आपल्या सोयाबीनवरच्या हिरव्या उंटअळीच्या कुळातला, म्हणजे आपल्याला अगदीच परका नाही. अशा पतंगाच्या डोळ्यात काळसर रंगद्रव्य असतं. दिवसा ते पसरून जादा उजेड अडवतं, रात्री मागे सरतं आणि डोळा जास्त उजेड आत घेतो. आता हे उजेडामुळेच होत असेल, असंच कोणालाही वाटेल. पण कीसेलने पतंग सतत अंधारात ठेवले, तरी रंगद्रव्य दिवस-रात्रीच्या तालावर हलत राहिलं. म्हणजे डोळा उजेडाची वाट पाहत नव्हता, आधीच तयारी करत होता.

इतकी मोठी गोष्ट, पण ती बाजूला पडली. कारण सोपं आहे. घड्याळ कुठे असतं, कशाचं बनलेलं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. ज्याचा पत्ता नाही, त्याचा डोळ्यावर हुकूम चालतो असं म्हणणार कसं?

पत्ता लागला १९७१ मध्ये. कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने बदललेल्या जनुकाच्या तीन प्रकारच्या माश्या शोधल्या. एकीचं घड्याळ १९ तासांचं, दुसरीचं २८ तासांचं, तिसरीला तालच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात निघाले. त्या जनुकाला ‘पीरियड’ नाव मिळालं. याच बेंझर यांच्यासोबत काम केलेले ओबैद सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी कुलाब्यात माशीची चव आणि वास यांवर काम उभं केलं. म्हणजे हे शास्त्र महाराष्ट्रात पोचलं ते याच घराण्यातून.

१९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्या गटांनी पीरियड जनुक वेगळं काढलं. या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. बेंझर २००७ मध्येच गेले होते. कोनोप्का २०१५ मध्ये गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. ज्याने दार उघडलं, तो सोहळ्याला नव्हता.

आता मुद्द्याची गोष्ट. १९८८ मध्ये कॅथलीन सिविकी आणि सहकाऱ्यांनी पीरियडचं प्रथिन माशीच्या शरीरात कुठे कुठे आहे ते पाहिलं. मेंदूत होतंच, पण डोळ्यातही होतं, आणि तिथे त्याचं प्रमाण रोजच्या तालावर कमी-जास्त होत होतं. माशीच्या एका डोळ्यात साडेसातशे-आठशे बारीक भिंगं असतात, प्रत्येकाखाली आठ प्रकाशग्राही पेशी. त्या पेशींत स्वतःचं घड्याळ चालू होतं. तरीही पुढची बरीच वर्षं मुख्य प्रश्न एकच राहिला: उजेड घड्याळापर्यंत पोचतो कसा? १९९८ मध्ये क्रिप्टोक्रोम हे उजेड ओळखणारं प्रथिन माशीत सापडलं. २००१ मध्ये जर्मनीत शार्लोट हेल्फ्रिश-फोर्स्टर यांच्या गटाने दाखवलं की क्रिप्टोक्रोम आणि सगळे डोळे, दोन्ही काढून घेतले तरच माशीचं घड्याळ आंधळं होतं. काम उत्तमच, पण त्यातही डोळा म्हणजे आत येण्याचं दार होता.

उलट्या दिशेचं काम शांतपणे चालू होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बार्लो यांनी दाखवलं होतं की नालखेकड्याचा मेंदू रात्री डोळ्याकडे संदेश पाठवून त्याची संवेदनशीलता वाढवतो. पुढे पोलंडच्या एल्झ्बिएता पिझा आणि कॅनडातले इयन माइनर्टझहागेन यांनी डोळ्यामागचा मेंदूचा पहिला थर तपासला. १९९९ मध्ये त्यांनी ड्रोसोफिलात दाखवलं की त्या थरातल्या काही चेतापेशींचे तंतू दिवसाच्या आणि रात्रीच्या सुरुवातीला जाड होतात, मधल्या वेळी बारीक. पीरियड जनुक निकामी असलेल्या माशीत हा ताल नसतो. मग २०१० मध्ये जर्मनीतल्याच एका गटाने शेवटची कडी जोडली. प्रकाशग्राही पेशींची टोकंही रोजच्या तालावर फुगतात-आकसतात, आणि मंद उजेडात माशी हलत्या पट्ट्यांमागे किती जोमाने वळते, हे त्याच तालाने ठरतं. फक्त या पेशींतलं घड्याळ दुरुस्त केलं, तरी तेवढं पुरतं. मंद उजेड, हे शब्द लक्षात ठेवा. भर उन्हात चुकलं तर फारसं बिघडत नाही, संधिप्रकाशात मात्र डोळा आधीच तयार असावा लागतो.

आपल्या राज्यातही या घड्याळावर काम झालं. अहमदनगर कॉलेजात डॉ. दिलीप जोशी यांनी देशातल्या वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या फळमाश्या गोळा केल्या. अक्षांश बदलला की घड्याळाचं वागणं बदलतं, हे त्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. अमरावती-अकोला साधारण २१ अंशांवर. इथे वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत अडीच तासांचा फरक पडतो. तेवढा फरक घड्याळाला सांभाळावा लागतो.

मग वऱ्हाडाला याचं काय? वरूड-मोर्शीकडच्या बागाईतदारांना संत्र्यातला रस शोषणारा पतंग चांगलाच ठाऊक आहे. तो अंधार पडल्यावर येतो, फळाला भोक पाडतो आणि फळ गळतं. त्याच्या अळ्या गुळवेल-वासनवेलीवर वाढतात, म्हणून बांधावरच्या वेली काढा म्हणतात, संध्याकाळी बागेत धूर करतात. जपानमध्ये १९६० च्या दशकात अशाच पतंगांसाठी बागेत रात्रभर पिवळे दिवे लावून पाहिले. पतंगाचा डोळा दिवसाच्या रचनेत जातो आणि त्याचा उद्योग मंदावतो. तिकडे जे जमलं ते इकडे जसंच्या तसं जमेल, असं मी म्हणत नाही. पण औषध फवारण्याआधी किडीच्या डोळ्याची वेळ विचारता येते, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट माणसाची. माशीवरून माणसाचा थेट निष्कर्ष काढू नये. पण सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातही ताल आहे. १९७६ मध्ये मॅथ्यू लाव्हेल यांनी उंदरात दाखवलं की दृष्टिपटलातल्या पेशी आपली जुनी टोकं रोज ठरल्या वेळी टाकतात, सतत अंधारातसुद्धा. आपल्याकडे कितीतरी शेतकरी रात्रीच्या विजेवर ओलित करतात, बॅटरी घेऊन वावरात जातात, पायाखाली विंचूकाटा असतो. दिवसा वीज द्या, ही मागणी जुनी आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती त्यासाठीच. या मागणीकडे आपण झोपेचा आणि सोयीचा प्रश्न म्हणून पाहतो. ती शरीराच्या वेळेचीही मागणी आहे, आणि त्या शरीरात डोळाही येतो.

१८९४ ते २०१० म्हणजे ११६ वर्षं. कीसेलने पाहिलेलं खोटं नव्हतं, पण ते ठेवायला खण नव्हता. तो खण एका चिलटाने करून दिला. आता तुमचे प्रश्न घेऊ.