राजाचा गळ आणि भोयाचे शब्द

ऐन दिवाळीत, चिवडा-चकलीचे ताट पुढे असताना मासळीचा विषय काढणे काही वाचकांना रुचणार नाही. आमच्या बीड जिल्ह्यात तर माळकऱ्यांची घरे पुष्कळ. पण त्यांनीही निश्चिंत असावे. या लेखातला मासा ताटात यावयाचा नाही. मला सांगावयाचे आहे ते गळ टाकण्याच्या छंदाविषयी.

हा छंद साहेबाने आणला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत. आयझॅक वॉल्टन या इंग्रजाचा त्यावरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. पण त्याच्याही पाचशे वर्षांहून अधिक आधी, सन ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला होता. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण; आपल्या मराठवाड्याचा शेजारच तो. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद करणारा हाच ग्रंथ. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्य कसे मिळवावे येथपासून राजाने मन कसे रमवावे येथपर्यंत सारे आहे, आणि त्यातच 'मत्स्यविनोद' आहे. मासे नदीतले कोणते, समुद्रातले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणाला काय चारावे आणि गळाला कसे लावावे, हे सारे तेथे राजाने बारकाईने सांगितले आहे.

आता राजा काही पहाटे उठून चिखलात उभा राहिला नसेल. मासा कोठे दडतो, कशावर झेपावतो हे त्याला कोणी तरी सांगितलेच असणार. तो सांगणारा नदीकाठचाच कोणी असावा. ग्रंथावर नाव मात्र सोमेश्वराचे.

पुढे साहेब आला. हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि आपल्या महसीर माशाला विलायतेतल्या सामन माशाच्या पंक्तीला नेऊन बसविले. साहेबाच्या गळाला बहुधा गांडूळ नसे. पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असे. माशासाठी माशी! ही युक्तीही जुनी. मॅसिडोनियातले कोळी लाल लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडीत, असे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी इलियन नावाच्या लेखकाने लिहून ठेवले आहे.

या छंदाचे कठीण व्रत पाहावयाचे तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे. तेथील पर्जन्यवनांतून होह यासारख्या नद्या वाहतात. ऐन हिवाळ्याच्या पावसात 'स्टीलहेड' नावाचा मासा समुद्रातून त्या नद्यांत चढतो. नदीत आल्यावर तो खातो फारच थोडे. तरी पिसांच्या माशीवर कधी तरी झडप घालतो. त्या एका झडपेसाठी माणसे कमरेइतक्या गार पाण्यात दिवस दिवस उभी राहतात. आपला महसीरही पावसाळ्याच्या पुरात प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो.

पण दोघांचे खरे साम्य नावात आहे. स्टीलहेडचे शास्त्रीय नाव 'ऑन्कोऱ्हिंकस मिकिस'. यातले 'मिकिस' ना लॅटिन, ना ग्रीक. कामचाटकातील लोकांच्या तोंडचा तो शब्द १७९२ साली वालबाउम या जर्मन पंडिताने उचलला. आणि आपल्या दख्खनच्या महसीराचे नाव 'टॉर खुद्री'! मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनच्या पाहणीसाठी नेमलेल्या साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने येथील मासे पाहिले, आणि १८३९ साली त्यांची वर्णने लंडनमध्ये छापली. पुण्याच्या मुळामुठेतला खुद्री, तसेच कोळस, शिंगटी, शिंघाळा. लोक म्हणत तीच नावे त्याने माशांना देऊन टाकली. आज जगातल्या कोणत्याही देशातला प्राणिशास्त्रज्ञ या माशांविषयी लिहू लागला, की त्याला ते मराठी शब्द लिहावेच लागतात. ते शब्द ज्यांनी साइक्सला सांगितले, त्या भोई-कोळ्यांची नावे मात्र कोणाच्याच लक्षात नाहीत.

आमच्या शिरूर कासारची सिंदफणा उन्हाळ्यात वाळूच वाळू असते. पावसाळ्यात आली तर दोन दिवस गर्जते आणि पुढे गोदावरीच्या वाटेला लागते. वर्गात मी मुलांना माशांची नावे विचारतो. उत्तर येते, "मासा म्हणजे मासा, गुरुजी." फार तर एखादा मरळ म्हणतो. पाणी आटले की मासा जातो, आणि मासा गेला की त्याचे नाव घेणारे तोंडही मिटते. राजाचे ज्ञान ग्रंथात राहिले, साहेबाचे लंडनच्या छापखान्यात. भोयाचे ज्ञान त्याच्या जिभेवरच होते.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीला गावी गेलात तर नदीकाठच्या एखाद्या वृद्ध भोयापाशी घटकाभर बसा. चार फराळाचे जिन्नस त्याच्या पुढे ठेवा आणि त्याच्या लहानपणी नदीत कोणकोणते मासे होते ते विचारा. तो जी नावे सांगेल ती मुलांच्या वहीत त्यांच्याच हातून लिहवून घ्या, आणि सांगणाऱ्याचे नाव त्या पानावर सर्वांत वर लिहा.