मुखभावांचे संक्रमण : एका तंत्राचा पूर्वेतिहास

एका व्यक्तीच्या मुखावरील भाव चित्रफितीतील दुसऱ्या व्यक्तीच्या मुखावर उमटविण्याचे तंत्र हे सर्वस्वी संगणकयुगाचे अपत्य होय, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. असे संक्रमण शक्य होण्यासाठी भाव आणि तो धारण करणारी व्यक्ती ही परस्परांपासून विलग करता येतात, हे आधी गृहीत धरावे लागते. आणि ही विलगता संगणकाने प्रथम घडविलेली नाही.

फ्रेंच वैद्य ड्यूशेन याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका दंतहीन वृद्धाची छायाचित्रे आहेत. या वृद्धाच्या चेहऱ्यास संवेदना जवळजवळ नव्हती. विद्युत्प्रवाहाने एकेक स्नायू आकुंचित करून ड्यूशेनने त्या चेहऱ्यावर भय, वेदना, हर्ष उमटविले. त्या भयाला मनाचा आधार नव्हता. तो केवळ स्नायूंचा संकोच होता. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात यांतील काही चित्रे घेतली. पण भयाच्या चित्राचे कोरीवकाम करविताना विद्युत्शलाका आणि त्या धरणारे हात वगळले गेले. हेतू निर्दोष असेल. तथापि भाव राहिला आणि तो घडविणारा दिसेनासा झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतील. १९७२ मध्ये यूटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क याने संगणकावर चेहरा चालता केला. १९७८ मध्ये एकमन व फ्रीझन यांनी मुखाच्या हालचालींची अंकबद्ध संहिता रचली. १९९९ मध्ये ब्लान्झ व फेटर यांनी २०० चेहऱ्यांच्या त्रिमित मापनांवरून असा नमुना सिद्ध केला की, कोणताही चेहरा काही संख्यांच्या मिश्रणाने व्यक्त व्हावा.

या सर्वांचा संगम २०१६ मधील ‘फेस-टू-फेस’ या कार्यात झाला. टीस, नीसनर आणि त्यांचे सहकारी यांनी साध्या कॅमेऱ्यापुढील माणसाचे भाव तत्क्षणी दुसऱ्याच्या चित्रफितीत उतरविले. प्रत्येक चित्रातून चेहऱ्याची घडण, प्रकाश आणि भाव वेगळे काढावयाचे, आणि यांपैकी भावाच्या संख्या तेवढ्या बदलावयाच्या, ही त्यांची रीत. खरी अडचण होती ती मुखाच्या आतील भागाची. याच मंडळींनी २०१५ मध्ये दातांची कृत्रिम प्रतिकृती वापरली होती. आता त्यांनी त्याच व्यक्तीच्या मूळ चित्रफितीतून जुळणारे मुख शोधून तेथे बसविले. दात त्याचेच, ओठांमागची छाया त्याचीच. उच्चार मात्र दुसऱ्याचा.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत गंभीर होय. बनावट कागदावर अस्सल शिक्का उठविलेला असावा, तशी ही स्थिती आहे. साधनाच्या अंतरंगपरीक्षेत अंश अस्सल ठरतो आणि त्या बळावर संपूर्ण साधन खरे मानले जाते. २०१९ मध्ये या संशोधकांपैकी काहींनी १,००० मूळ चित्रफितींवरून बनावट फितींचा संग्रह तयार करून त्या ओळखण्याची यंत्रे पारखली. मनुष्यापेक्षा यंत्रे सरस ठरली. परंतु चित्रफीत संकोचून तिचा दर्जा उतरताच त्यांचेही यश घटले. आणि प्रत्यक्षात हाती येणाऱ्या फिती बहुधा अशाच, अनेकवार संकोचलेल्या असतात. तेव्हा फीत कोणी घेतली, कोणाच्या हातून कोठे आली आणि मूळ प्रत कोठे आहे, हे बहिरंगपरीक्षेचे जुनेच प्रश्न प्रथम विचारावे लागतात.