फ्रेंच रक्तपिशाच्चपट आणि लोणारचा निद्रिस्त दैत्य

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या उत्पत्तीची आख्यायिका विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लोणासुर अथवा लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालील विवरात दडून राहत असे आणि भोवतालच्या प्रदेशाला छळत असे. त्याच्या पारिपत्यासाठी विष्णूने दैत्यसूदन या देखण्या तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाच्या गुप्त निवासाचा ठाव सांगून टाकला. दैत्यसूदनाने पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडविले, तेव्हा दैत्य आत निजलेला होता. ते झाकण कित्येक कोसांवर जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. विवरात साचलेले पाणी हे दैत्याचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे मांस, असे ही कथा सांगते.

झाकणाखाली निजलेला जीव, मोहापायी फुटलेले गुपित आणि अखेरीस रक्त ही सामग्री युरोपातील रक्तपिशाच्चाच्या कथेची आहे. पाश्चात्त्यांनाही हे साम्य जाणवले होते. रिचर्ड बर्टन याने वेताळपंचविशीच्या कथा १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्याने वेताळाला ‘व्हँपायर’ असेच नाव दिले. मात्र लोणारच्या कथेतील खरे भय दैत्याच्या क्रौर्यात नसून त्या स्थळात आहे. ऐकणाऱ्याच्या मनात युद्धापेक्षा ते तळे अधिक काळ राहते. स्थळातून भय निर्माण करण्याची हीच रीत फ्रान्समधील रक्तपिशाच्चपटांनी पडद्यावर विकसित केली. त्यांना ‘स्वप्नवत्’ हे विशेषण लाभले ते त्यामुळेच.

जादूगारापासून आरंभ

या परंपरेचा उगम सिनेमाच्या जन्माइतकाच जुना आहे. मूळचा जादूगार असलेल्या जॉर्ज मेलिएस याने १८९६ मध्ये ‘सैतानाचा वाडा’ या अर्थाच्या नावाचा जेमतेम तीन मिनिटांचा मूकपट केला. त्यात वटवाघळाचा सैतान होतो, माणसे व वस्तू क्षणात प्रकटतात, क्षणात नाहीशा होतात आणि शेवटी क्रूस पाहून सैतान हटतो. पुष्कळ अभ्यासक याला पहिला रक्तपिशाच्चपट मानतात.

त्यानंतर १९१५-१६ मध्ये लुई फ्योयाद याची ‘ले व्हाँपीर’ ही दहा भागांची मालिका आली. तिच्यात खरे पिशाच्च एकही नाही. त्या नावाची गुन्हेगारांची टोळी आहे. तथापि महायुद्धाच्या काळातील पॅरिसचे ओस रस्ते, छपरांवरून सरकणाऱ्या काळ्या आकृती आणि म्युझिडोरा या अभिनेत्रीने रंगविलेली इर्मा व्हेप यांनी वास्तवालाच स्वप्नाची कळा आणली. आंद्रे ब्रेताँ, लुई आरागाँ आदी अतिवास्तववाद्यांना या मालिकेने भुरळ घातली. पुढील फ्रेंच भयपटांचे नाते या अतिवास्तववादी दृष्टीशी जडले.

जाळीआडून दिसणारे जग

या शैलीचा पाया डेन्मार्कच्या कार्ल थिओडोर ड्रायर याने फ्रान्समध्ये घातला. १९३२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘वाम्पीर’चे चित्रीकरण कूर्तांपियेर या गावाच्या परिसरात झाले. छायालेखक रुडॉल्फ माते याने भिंगासमोर जाळीचे तलम कापड धरले आणि पडद्यावर धुके उतरले. पात्रांमध्ये बहुतेक जण हौशी होते. संवाद मोजके, सावल्या मात्र आपल्या धन्याला सोडून एकट्याच फिरणाऱ्या. एका प्रसंगी नायक स्वतःचेच प्रेत शवपेटीत पाहतो. मग कॅमेरा पेटीच्या आत जातो आणि झाकणातील काचेतून वर दिसणारी झाडे, छपरे व आकाश संथपणे सरकू लागतात. झाकणाखाली निजलेल्याला जग कसे दिसत असेल, याचे हे दर्शन आहे. १९२२ चा जर्मन ‘नोस्फेरातू’ किंवा १९५८ चा ब्रिटिश ‘ड्रॅक्युला’ यांत पिशाच्च बाहेरून चालून येते. ‘वाम्पीर’मध्ये प्रेक्षकालाच त्याच्या जागी निजविले जाते.

१९६० मध्ये रॉजे वादिम याने आयरिश लेखक शेरिडन ले फानू याच्या ‘कार्मिला’ या कथेवर रंगीत चित्रपट केला. त्यातील स्वप्नाच्या प्रसंगात सगळे रंग मावळतात आणि कृष्णधवल चित्रात रक्ताचा लाल रंग तेवढा उरतो.

समुद्रकिनाऱ्यावरचा कवी

या शैलीशी सर्वाधिक निगडित नाव ज्याँ रोलँ (१९३८-२०१०) याचे आहे. त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९६८ च्या मे महिन्यात, विद्यार्थी आंदोलन व संपांनी पॅरिस ढवळून निघाले असताना लागला. कथानकाचा धागा न सापडल्याने प्रेक्षक खवळले. पुढेही रोलँला पैशाची चणचण कायम राहिली. उपजीविकेसाठी त्याला केवळ प्रौढांसाठीचे सवंग चित्रपटही करावे लागले. परंतु त्याच्या शैलीला आकार आला तो याच चणचणीतून. सेट उभारणे परवडत नसल्याने त्याने पडके किल्ले, दफनभूमी आणि दिएपजवळील पूर्व्हिलचा किनारा निवडला. लाकडी खुंटांच्या रांगा असलेला तो करडा किनारा त्याच्या चित्रपटांत पुनःपुन्हा येतो, जसे एखादे स्थळ वारंवार स्वप्नात यावे.

रोलँची पिशाच्चे झडप घालत नाहीत. ती बराच वेळ नुसती चालत राहतात. एका चित्रपटात पिशाच्च स्त्री उभ्या लंबकाच्या घड्याळातून बाहेर येते. ‘रक्ताचे ओठ’ या अर्थाच्या नावाच्या १९७५ च्या चित्रपटात नायकाला एका चित्रात पडका किल्ला दिसतो आणि विसरलेले बालपण जागे होते; पिशाच्चाचा शोध हा वस्तुतः आठवणीचा शोध ठरतो. १९७९ च्या ‘फासिनासियाँ’च्या आरंभी उच्चभ्रू स्त्रिया कत्तलखान्यात उभ्या राहून, रक्तक्षयावरचा उपाय म्हणून बैलाचे रक्त पितात. प्रसंग दिवसाउजेडी घडतो, कोणी किंचाळत नाही आणि म्हणूनच तो विसरता येत नाही.

या चित्रपटांचे दोषही उघड आहेत. अभिनय अनेकदा कच्चा असतो, स्त्रीदेहाचे प्रदर्शन कित्येकदा बाजाराच्या मागणीपोटी येते आणि संथपणा कंटाळ्याच्या सीमेवर जातो. तरीही हयातीतच रोलँला देशोदेशी नवा चाहतावर्ग मिळाला.

मराठी मातीतील प्रत्यय

स्थळातून भय उभे करण्याची ही रीत मराठी मातीला परकी नाही, हे राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने २०१८ मध्ये सिद्ध केले. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले, तर त्याच्या आतली एक मुळी नारायण धारप यांच्या भयकथेपर्यंत पोहोचते. अखंड पाऊस, वाडा, मरण न येणारी म्हातारी आणि पृथ्वीच्या गर्भात कोंडलेला भुकेला हस्तर यांत लोणारच्या विवराची आठवण व्हावी असे पुष्कळ आहे. ड्रायरच्या चित्रपटात दुष्ट डॉक्टर गिरणीतील पिठाखाली गाडला जातो, ‘तुंबाड’मध्ये पीठ हेच हस्तराचे आमिष असते, हा योगायोग असला तरी बोलका आहे. व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला. प्रथम प्रदर्शनात बेताचा प्रतिसाद मिळालेल्या ‘तुंबाड’ने सप्टेंबर २०२४ मधील पुनःप्रदर्शनात मूळ कमाईलाही मागे टाकले. संथ, ओलसर भयालाही प्रेक्षक असतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झाले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे विज्ञानाने सांगितले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तरीही तो रंग पाहणाऱ्या अनेकांना आधी रक्ताचीच कथा आठवली. काठावरची पडकी मंदिरे ढासळत गेली, तर या कथेचे स्थळच हरवेल आणि स्थळाविना असे भय केवळ शब्दांत उरेल. गावातील तारकाकृती दैत्यसूदन मंदिरात विष्णू आजही दैत्याला पायाखाली दाबून उभा आहे. मंदिराला नाव मिळाले ते मारणाऱ्याचे. गावाने मात्र नाव जपले ते झाकणाखाली निजलेल्याचे.