ऊस, एबनी आणि डोडो : मॉरिशसच्या इतिहासाची वगळलेली बाजू

हिंगोलीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात मराठीच्या वर्गात मॉरिशसचे नाव निघते, ते परदेशस्थ मराठी समाजाच्या संदर्भात. कोकणातून गेलेले करारबद्ध मजूर आणि त्यांनी जपलेला गणेशोत्सव हा इतिहास आम्ही आस्थेने सांगतो. पण ज्या बेटावर तो घडला, त्या बेटाचा स्वतःचा इतिहास बहुधा वगळतो. तो वगळला की मजुरांचा इतिहासही अर्धाच कळतो, असे आमचे मत आहे.

मादागास्करच्या पूर्वेस, ज्वालामुखीच्या उद्रेकांतून हे बेट सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी वर आले. रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही त्याची शेजारी. तिघांना मिळून मस्करीन बेटे म्हणतात. ही भूमी कोणत्याही खंडाशी कधी जोडलेली नव्हती. उडत किंवा लाटांवर तरंगत जे पोहोचले, तेच येथे रुजले. सस्तन प्राण्यांपैकी मूळची होती ती फक्त वटवाघळे. भक्षकांचे भय नसल्याने कबुतरांच्या कुळातील डोडो उडणे विसरला. महाकाय कासवे एबनीसारख्या वृक्षांची फळे खाऊन बिया रानभर पसरवीत.

डच १५९८ मध्ये आले आणि १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. डोडोच्या नाशाला शिकारीपेक्षाही जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे अधिक कारणीभूत ठरली. जमिनीवरची अंडी त्यांना सहज सापडत. १६६२ ची नोंद डोडोच्या दर्शनाची शेवटची नोंद मानली जाते. याच डचांनी १६३९ मध्ये जाव्याहून ऊस आणला.

१८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. १८३४ पासून सुमारे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर येथे उतरले. उसासाठी रान तुटत गेले. आज सुस्थितीतील मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी आहे. राबणारे हात मजुरांचे होते. जमीन, भांडवल आणि साखरेचा बाजार मात्र त्यांचा नव्हता. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. रानाची स्मृतीही जपली जात आहे. १९७४ मध्ये केवळ चार मॉरिशस केस्ट्रेल ज्ञात होते. बंदिस्त प्रजननामुळे हा छोटा शिकारी पक्षी पुन्हा काही शेंवर गेला. ईल-ओ-एग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर नष्ट झालेल्या कासवांचे काम आता अल्डाब्रा जातीची कासवे करतात आणि एबनी पुन्हा रुजते आहे. स्थलांतराचे साहित्य शिकवताना घाटाचे दगड आणि ही रोपे एकत्र वाचली पाहिजेत.