बंबापासून गॅस गिझरपर्यंत : ज्योतीला पहारा कोणाचा?

आजचा विषय न्हाणीघरातला आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाने त्यात का पडावं हे पुढे कळेलच.

आपल्या शेवगावकडे अंघोळीचं पाणी तापायचं ते पाणचुलीवर, नाहीतर तांब्याच्या बंबात. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. आता बंबाची रचना आठवून बघा. मधोमध धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळी. अनेक बंबांत वरून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर यायचं. म्हणजे बंब कधी कोरडा पडत नसे, आणि वरचं तोंड उघडं असल्याने वाफ कोंडत नसे. सुरक्षेचं वेगळं यंत्र नव्हतं, सुरक्षा घडणीतच होती. शिवाय धूर डोळ्यांना झोंबायचा, म्हणून बंब परसात असायचा.

पुढे गॅस आला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे 1865 साली लागले, पण तो दगडी कोळशाचा गॅस. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस मुंबईत 1950 च्या दशकात आला आणि आपल्यापर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. गॅसवर पाणी तापवणारं यंत्र मात्र त्याहून जुनं. लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने 1868 साली ते केलं आणि आइसलँडमधल्या उष्ण झऱ्याच्या नावावरून त्याला ‘गिझर’ म्हटलं. त्याला धुराची नळी नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता भिंतीवरच्या आजच्या गिझरकडे वळू. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो. तो गॅसची वाट मोकळी करतो आणि एक बटण दाबतो. सेलवर चालणारी ठिणगी टिकटिकते, ज्योत पेटते. ज्योतीत एक सळई असते. ज्योतीतून अगदी बारीकसा वीजप्रवाह वाहू शकतो, तो सळईला मिळत राहिला तर गॅस चालू. मिळेनासा झाला की झडप बंद. जुन्या यंत्रांत हे काम दोन धातूंच्या जोडाने होई. जोड तापला की वीज निर्माण होते, हे झेबेकने 1821 मध्ये दाखवलं होतं. त्या विजेवर झडप उघडी राही. ज्योत विझली, जोड निवला, की स्प्रिंग झडप मिटवी.

इथे आपले मीमांसक आठवतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. गिझरची सळई नेमकं हेच करते. ज्योत जाणवत नाही, म्हणजे ज्योत नाही, म्हणून गॅस बंद. पण मीमांसकांनी एक अट घातली आहे, ‘योग्यते’ची. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मंडळी, थंडीत बंद न्हाणीघरात माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यांचं मूळ या अटीत आहे. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळलेली असते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना धूर. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे ‘वास आला नाही, तर विषारी वायू नाही’ हे अनुमान अंधारातल्या घटासारखं आहे. आणि सळईला तर ज्योत दिसतेच आहे. तिच्या हिशेबी सगळं आलबेल!

पूर्वी धूरच साक्षीदार होता, तोच आपल्याला घराबाहेर काढायचा. स्वच्छ ज्योत आली, साक्षीदार गेला, आणि आपण आग आत आणून दाराला कडी घातली. यावर काही यंत्रांत उपायही आहे. प्राणवायू घटला की छोटी ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, जोड निवतो, गॅस मिटतो. पण आपल्या घरातल्या गिझरमध्ये ती सोय आहेच, असं गृहीत धरू नका.

म्हणून बंबाचाच नियम पाळा. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. ते होईपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच अंघोळीला जा. डोकं जड झालं, गरगरलं, तर पाणी तसंच सोडून बाहेर या. कुणी आत पडलेलं आढळलं तर श्वास रोखून दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्यावर आणा आणि 108 ला फोन लावा.

यंत्र फक्त त्याला नेमून दिलेल्या गोष्टीचा अभाव ओळखतं. बाकीच्याची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. आता प्रश्न विचारा.