हॅम्पस्टेडमधली सहा कुटुंबं

युद्धाची झळ बसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्यांच्या गर्दीत टाकायचं नाही, त्याचं म्हणून एक माणूस नेमायचं, या पद्धतीचं एक मूळ लंडनच्या हॅम्पस्टेड भागात आहे. नाझींच्या तावडीतून व्हिएन्नाहून निसटलेल्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी जानेवारी १९४१मध्ये तिथे वेडरबर्न रोडवर बाँबहल्ल्यांत घर गेलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघर उघडलं. पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांचा. तो ज्या ‘फॉस्टर पेरेंट्स प्लॅन’मार्फत येई, ती संस्था १९३७मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी निघाली होती. मुलांना सांभाळायला तरुण मुली. त्यांतल्या कित्येक जणी स्वतःच निर्वासित.

तिथे आलेल्या तीन वर्षांच्या एका मुलाची नोंद वाचताना आजही गलबलून येतं. रडलास तर भेटायला येणार नाही, असं आई त्याला बजावून गेली होती. तो रडला नाही. आई येईल, कोट घालेल, घरी नेईल, एवढंच मान डोलवत घोकत राहिला. कुणीतरी ‘पुरे’ म्हटल्यावर कोपऱ्यात उभा राहून नुसते ओठ हलवी आणि हातांनी कोट घातल्याची खूण करी.

अशा नोंदींतून दोघींना दिसलं ते, मुलांना बाँबपासून दूर धाडलं की झालं, या सरकारी समजुतीच्या उलट होतं. आईच्या कुशीतलं मूल बाँबचे आवाज बऱ्यापैकी सोसतं. पण सुरक्षित गावी एकटं धाडलं की कोलमडतं. म्हणून इथे भेटीची वेळ ठरलेली नव्हती. कामावरून सुटलेली आई केव्हाही येऊ शके. काही आयांना तर तिथेच काम दिलं, म्हणजे तान्ह्याला अंगावर पाजता येईल.

पण ज्यांची आई रोज येऊ शकत नव्हती, त्यांचं काय? पाळीप्रमाणे बदलणाऱ्या हातांत ही मुलं शहाण्यासारखी वागत, पण मागे पडत. बोलणंही उशिरा येई. तेव्हा मोठा गट मोडून चार-पाच मुलांमागे एक ‘आई’ अशी सहा कुटुंबं केली. कुणाचा ओढा कुणाकडे आहे हे बघून जोड्या लावल्या. आठवड्याभरात सहाही कुटुंबं घट्ट झाली आणि घरात रणकंदन माजलं. ‘माझी’ बाई क्षणभर खोलीबाहेर गेली की आकांत, तिने दुसऱ्याला घेतलं की चावे आणि मारामाऱ्या. कुणीही घाबरून हा प्रयोग गुंडाळला असता. या बायकांनी तो रेटला, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं धैर्य वाटतं. दोन-तीन आठवड्यांत मुलं निवली आणि मग भराभर बोलायला लागली, शी-शूच्या सवयीही लागल्या.

या घरात बॉयलर सांभाळायला जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुण होता. मुलांविषयी जे दिसेल ते कार्डावर लिहायचं, हा नियम त्यालाही लागू होता. तिथे मुरलेली नजर घेऊन तो पुढे रुग्णालयांत गेला. तिथे आईवडिलांना भेटीची जेमतेम परवानगी असे. आठ दिवस एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर त्याने १९५२मध्ये फिल्म काढली, तेव्हा बरेच डॉक्टर त्याच्यावर भडकले. १९५९मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने मात्र शिफारस केली, की आजारी मुलाला आईवडिलांना केव्हाही भेटू द्यावं.